पाहुणा परदेशी, वाट वेरूळ-खुलदाबाद-पैठणची

सातव्या शतकात ह्यूएनत्संग चीनमधून निघाला तो बौद्ध तीर्थं पाहायला आणि ग्रंथ मिळवायला. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रात आला आणि डोंगरकड्यात कोरलेल्या एका विहाराचं वर्णन लिहून गेला. तो विहार अजिंठ्याचा, असं अभ्यासक मानतात. १६६७ मध्ये थेव्हनो हा फ्रेंच प्रवासी वेरूळ पाहून गेला. पाठीवर सॅक घेतलेले परदेशी तरुण-तरुणी आजही त्याच ओढीनं संभाजीनगरच्या स्टेशनवर उतरतात. मुलाचा कॉलेजातला मित्र, मुलीची कंपनीतली सहकारी, असं कुणी आपल्या घरी उतरलं की आपण गाडी काढतो आणि एका दिवसात दौलताबाद, वेरूळ, मकबरा उरकून आणतो. फोटो भरपूर निघतात. पण जिथं शेकडो वर्षं माणसं हात जोडत आली, तिथं ती का जोडतात, हे पाहुण्याला कळायचं राहून जातं.

पुढची कृती चार दिवसांची आहे आणि एसटीनं, काळी-पिवळीनं, पायी करण्याजोगी आहे. तिचा नियम एकच: आधी दर्शन, मग माहिती. प्रत्येक ठिकाणी आधी थोडा वेळ बसायचं, आलेले लोक काय करतात ते पाहायचं, आणि सनावळ्या नंतर सांगायच्या.

साहित्य

- पाहुण्याचा पासपोर्ट आणि व्हिसा, शिवाय दोन्हींच्या प्रती
- मोठा सुती रुमाल किंवा ओढणी (दर्ग्यात डोक्यावर घ्यायला)
- गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे, सहज काढता येईल असा शर्ट
- चटकन निघणाऱ्या चपला आणि जाड मोजे (उन्हात तापलेल्या फरशीवर चालायला)
- कापडी पट्टा. चामड्याचा पट्टा आणि पाकीट घरी ठेवा
- लहान बॅटरी (लेण्यांच्या गाभाऱ्यात अंधार असतो)
- दोन लिटर पाणी, सुटे पैसे, टोपी
- एका कागदावर मुक्कामाचा पत्ता मराठीत. त्यावर शहराची छत्रपती संभाजीनगर आणि औरंगाबाद ही दोन्ही नावं लिहा, कारण पाहुण्याजवळचं पुस्तक किंवा नकाशा जुना असू शकतो

कृती

१. आधी वार ठरवा. सगळं गणित वारावर आहे. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. घृष्णेश्वराला सोमवारी आणि भद्रा मारुतीला शनिवारी रांगा लागतात, श्रावणात तर विचारायलाच नको. शुक्रवारी दुपारी दर्ग्यांत आणि मशिदींत नमाजाची गर्दी असते. म्हणून मंगळवारी शहर, बुधवारी वेरूळ, गुरुवारी घृष्णेश्वर आणि खुलदाबाद, शुक्रवारी पैठण असा क्रम लावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि काळा पाषाण संध्याकाळीही गरम असतो. पावसाळ्यात डोंगर हिरवा होतो, पण पायऱ्या निसरड्या होतात.

२. मुक्कामाची नोंद करा. परदेशी पाहुणा घरी उतरला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते. सगळे याला 'सी फॉर्म' म्हणतात. लॉजवाल्यांना हे माहीत असतं, घरच्या यजमानाला बहुधा नसतं. बुधवारची रात्र वेरूळला काढायची आहे, तेव्हा लॉज ठरवताना 'परदेशी पाहुण्याची नोंद करता ना?' असं फोनवरच विचारून घ्या. रात्री नऊला दारावरून परत फिरण्याची वेळ येणार नाही.

३. आदल्या रात्री जेवताना चार गोष्टी सांगा. ऐन दारात सांगितलं की पाहुणा अवघडतो, म्हणून घरीच बोला. पादत्राणं कुठं काढायची, देवाकडे किंवा मजारीकडे पाय करून का बसायचं नाही, प्रसाद उजव्या हातानं का घ्यायचा, एवढं पुरे. फोटोचा नियम ठाम सांगा: पूजा करणाऱ्या माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही आणि मूर्तीशेजारी वेड्यावाकड्या पोझ द्यायच्या नाहीत. तिकिटाचंही आत्ताच बोला. वेरूळला भारतीयाला ४० आणि परदेशी पाहुण्याला ६०० रुपये लागतात. सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना भारतीय दर असतो, १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. आधी कळलं तर खिडकीपाशी फसवल्यासारखं वाटत नाही. पाहुणा नास्तिक असेल किंवा दुसऱ्या धर्माचा असेल तर त्याला मोकळेपणानं सांगा की नमस्कार करायची सक्ती कुणावरच नाही. शांत उभं राहिलं तरी चालतं.

४. मंगळवारी सकाळी बुद्ध लेणी. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात ही लेणी आहेत. शहरातले लोक बुद्ध लेणी म्हणतात, पुस्तकांत औरंगाबाद लेणी. जाताना विद्यापीठाच्या गेटपाशी थांबा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव या विद्यापीठाला मिळावं म्हणून मराठवाड्यात किती वर्षं लढा झाला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार कसा झाला, हे इथंच सांगा. दर १४ जानेवारीला या गेटसमोर माथा टेकायला लोक येतात. बुद्ध लेणीच्या पायथ्याशी येणारी गर्दी आणि ही गर्दी एकाच धाग्यातली आहे, आणि तो धागा पाहुण्याला कुठल्याही प्रवासी पुस्तकात मिळत नाही.

वर चढल्यावर तिसऱ्या लेण्यात बॅटरी लावा. गाभाऱ्यात बुद्धमूर्तीसमोर दोन्ही बाजूंना माणसाएवढ्या उंचीचे उपासक गुडघ्यांवर बसले आहेत, बायका आणि पुरुष, हात जोडून. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, केसांची ठेवण वेगळी, कुणाच्या गळ्यात जड हार. सुमारे दीड हजार वर्षं ते असेच बसले आहेत. पाहुण्याला त्यांच्या ओळीत जागा पाहून बसायला सांगा आणि पाच मिनिटं काही बोलू नका. मूर्ती कशी पाहायची हे त्या दगडी रांगेत बसून जितकं कळतं तितकं व्याख्यानानं कळत नाही.

मग सातव्या लेण्यात जा. ओसरीत अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संकटांचे छोटे देखावे कोरले आहेत: आग, तलवार उगारलेला दरोडेखोर, बेड्या, बुडणारं जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू. प्रत्येक देखाव्यात माणसं त्याचा धावा करताहेत. हा वाटसरूंचा आणि व्यापाऱ्यांचा रक्षणकर्ता. घरापासून हजारो मैल दूर एकट्यानं फिरणाऱ्या माणसाला हे शिल्प समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच चार दिवसांची सुरुवात इथून करायची.

५. मंगळवारी दुपारी पाणचक्की. हा बाबा शाह मुसाफिर या सुफी संताचा दर्गा. ते मध्य आशियातल्या बुखाऱ्याच्या परिसरातून आले आणि इथलेच झाले. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणून उंच भिंतीवर चढवलं आहे, तिथून ते हौदात पडतं आणि त्याच्या जोरावर जातं फिरायचं. यात्रेकरू आणि फकिरांसाठी इथं पीठ दळलं जाई. लोक हौदातले मासे आणि जुना वड पाहून निघून जातात. तुम्ही आधी मजारीपाशी जा, मग चक्की दाखवा. म्हणजे ही यंत्रं आल्यागेल्याला भाकरी मिळावी म्हणून उभी राहिली, हे ध्यानात येतं. संध्याकाळी शहागंज किंवा बुढी लेनच्या बाजूला नान-खलिया खाऊ घाला, शाकाहारी असेल तर इमरती आहेच.

६. बुधवारी वेरूळ. मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नड-चाळीसगावकडे जाणाऱ्या गाड्या वेरूळला थांबतात. अंतर सुमारे ३० किलोमीटर. लॉजवर सॅक टाका आणि लहान पिशवी घेऊन निघा. लेणी ३४, पैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, त्यामुळे सकाळी सावली असते आणि उतरतं ऊन थेट आत शिरतं. क्रम याच हिशेबानं लावा: सकाळी बौद्ध, दुपारी जैन, शेवटी कैलास.

दहाव्या लेण्याला गावात 'सुताराची झोपडी' म्हणतात, कारण छताला दगडात कोरलेल्या तुळया आहेत. स्तूपापुढे पाय सोडून बसलेला बुद्ध आहे. बाराव्या लेण्याच्या, म्हणजे तीन तालच्या, अगदी वरच्या मजल्यापर्यंत चढा. तिथं ओळीनं बसलेल्या बुद्धमूर्ती पाहिल्याशिवाय खाली येऊ नका. एकविसाव्या लेण्याच्या दारातली मगरीवर उभी असलेली गंगा पाहा.

जैन लेणी थोडी लांब आहेत. बत्तिसाव्या लेण्यात, इंद्रसभेत, बाहुबली शोधा: ध्यानात इतका काळ उभा की पायांवर, हातांवर वेली चढल्या. त्याच डोंगरावर पायऱ्या चढून गेलं की तेराव्या शतकातली पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे आणि तिथं आजही पूजा होते. चामड्याचं काही अंगावर नाही ना, हे इथं पुन्हा तपासा.

कैलास, म्हणजे सोळावं लेणं, साडेतीन-चारच्या सुमारास धरा. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, हे काम झालं. डोंगर वरून खाली कोरत आणला, शिखर आधी आणि पाया शेवटी. प्रांगण सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद आहे, मागचा कडा ३० मीटरांवर उंच. हे आकडे सांगण्याआधी पाहुण्याला त्या कड्याजवळ न्या आणि छिन्नीच्या तिरक्या रेघांवर बोट ठेवायला सांगा. एकेक रेघ एकेका घावाची आहे. मग शिखराकडे बघायला सांगा. 'हे माणसांनी केलंच नसेल' अशा गोष्टी मोबाइलवर पुष्कळ फिरतात आणि पाहुण्यानंही त्या पाहिलेल्या असतात. त्यांचं उत्तर त्या रेघांत आहे. इथले कारागीर होते, त्यांच्या पिढ्या होत्या, शेजारच्या डोंगरात आधीच कोरलेल्या लेण्यांचा अनुभव त्यांच्या हातात होता. त्यांचं श्रेय त्यांना मिळालंच पाहिजे. कुठं कुठं पांढऱ्या गिलाव्याचे आणि रंगाचे अवशेष दिसतात. याला 'रंगमहाल' का म्हणत, ते तिथं कळतं. वरच्या मंदिरात पादत्राणं काढून जा. गाभाऱ्यात शिवलिंग आहे आणि आलेला शेतकरी आजही त्यापुढे वाकतो. त्याला आधी वाट द्या.

वानरांपासून खाऊ सांभाळा. कड्यांवर मधमाश्यांची मोहोळं असतात, म्हणून उग्र अत्तर नको आणि धूर तर मुळीच नको. वाटाड्या घ्यायचा असेल तर सरकारी ओळखपत्र असलेलाच घ्या.

७. गुरुवारी पहाटे घृष्णेश्वर. लेण्यांपासून हे चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक. मालोजीराजे भोसल्यांनी जीर्णोद्धार केला, पुढं अठराव्या शतकात होळकरांनी आजचं लाल पाषाणाचं मंदिर उभं केलं. मोबाइल आणि कॅमेरा बाहेर ठेवावा लागतो. गाभाऱ्यात पुरुषांना शर्ट-बनियन काढून जावं लागतं. परदेशी पाहुणा इथं सर्वांत जास्त गोंधळतो, म्हणून तुम्ही पुढं राहा आणि तुम्ही कराल ते त्याला करू द्या. बेल आणि पाणी त्याच्याही हातात द्या. अभिषेकाचा आग्रह झाला तर रक्कम आधी विचारा आणि पावती घ्या.

दर्शनानंतर शिवालय तीर्थावर जा. हे पायऱ्यापायऱ्यांचं कुंड अहिल्याबाई होळकरांनी बांधून घेतलं. घुष्मेची कथा इथंच सांगा: रोज पार्थिव लिंगं करून पाण्यात सोडणारी बाई, सवत झालेल्या बहिणीनं तिच्या मुलाला मारल्यावरही तिनं पूजा थांबवली नाही, मुलगा परत मिळाला आणि तिनं बहिणीसाठी क्षमा मागितली. पाण्याच्या काठावर बसून ऐकलेली कथा पाहुण्याच्या लक्षात राहते.

८. घाट चढून खुलदाबाद. नाश्ता करून पायी निघा. चार-पाच किलोमीटरचा चढाचा रस्ता आहे. वळणांवर वाहनं वेगात येतात, म्हणून उजवी कड धरून, एकामागे एक चाला. चढ नको असेल तर काळी-पिवळी मिळते.

मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये दौलताबादला राजधानी आणली, त्या काळात दिल्लीहून सुफी इकडं आले. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ मध्ये इथं निवर्तले. त्यांच्या दर्ग्यासमोर, रस्त्याच्या पलीकडं, झैनुद्दीन शिराझींचा दर्गा आहे. डोकं झाका, उंबरठ्यावर पाय देऊ नका, मजारीकडं पाठ न करता बाहेर या. पाहुणी असेल तर स्त्रियांना कुठवर जाता येतं हे दारावरच्या मुजावरांना आधी विचारा आणि ते सांगतील तिथं थांबा. गुरुवार असल्यानं फुलं, चादर घेऊन आलेली कुटुंबं दिसतील. नवस कशाचा, हे पाहुण्याला जाणून घ्यायचं असेल तर तुम्ही हिंदीत विचारून द्या. लोक आनंदानं सांगतात.

झैनुद्दीन दर्ग्याच्याच आवारात औरंगजेबाची उघड्या आकाशाखालची साधी कबर आहे. बंदोबस्त असेल तर नाव नोंदवा, ओळखपत्र दाखवा. १७०७, अहमदनगरजवळ मृत्यू, सुफी गुरूंच्या पायाशी दफनाची इच्छा आणि मराठ्यांशी पाव शतक चाललेलं युद्ध, हे सरळ सांगा. वाद तिथं घालू नका. त्याला जागा घरी आहे.

तिथून भद्रा मारुतीला जा. एरवी मारुती उभा असतो, इथं तो पहुडलेला आहे, त्यामुळे भक्त खाली पाहून दर्शन घेतात. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री संभाजीनगरहून हजारो माणसं इथवर चालत येतात. रुईच्या पानांची माळ घ्या, पाहुण्याच्या हातून वाहा. दर्गे आणि हे देऊळ एकाच लहानशा गावात आहेत. दोन्हीकडचे दुकानदार, हारवाले तोंडओळखीचे असतात. हे चालत फिरल्यावरच ध्यानात येतं. परतीच्या बसला संध्याकाळची वाट पाहू नका, चारपर्यंत निघा.

९. शुक्रवारी पैठण. शहरापासून सुमारे ५० किलोमीटर, एसटी भरपूर. आधी गावातला संत एकनाथांचा, म्हणजे नाथांचा, वाडा. इथं नाथांच्या पूजेतला पांडुरंग आहे आणि ज्या रांजणात देव श्रीखंड्या होऊन पाणी भरत असे अशी श्रद्धा आहे, तो रांजणही आहे. मग गोदाकाठचं समाधी मंदिर. एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. पण पाहुण्याला आधी गाढवाची गोष्ट सांगा: काशीची कावड रामेश्वराला नेताना वाळवंटात तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं आणि नाथांनी गंगा त्याच्या तोंडात ओतली. तीर्थयात्रेला निघालेल्या माणसाला याहून मोठा धडा नाही.

मग चारही दिवस जोडणारी गोष्ट सांगा. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, किल्ल्यावर अधिकारी होते आणि परंपरा सांगते की त्यांना चांद बोधले या सुफीकडून उपदेश मिळाला. एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. त्यात दोघं एकमेकांना खरमरीत बोलतात आणि शेवटी गळाभेट घेतात. वेळ उरला तर मुनिसुव्रतनाथांचं जैन मंदिर पाहा. नाथषष्ठीच्या दिवसांत, म्हणजे फाल्गुन वद्यात, येणार असाल तर मुक्कामाची सोय आधी करा आणि दिंड्यांच्या मागून चाला.

१०. प्रश्न येतील, त्यांची खरी उत्तरं द्या. 'इतके धर्म शेजारी कसे राहिले?' हा प्रश्न हमखास येतो. 'सगळे धर्म सारखेच' असं म्हणून तो मिटवू नका. ते सारखे नाहीत. तिसऱ्या लेण्यातले उपासक, बाहुबली, घुष्मा, बुऱ्हानुद्दीन आणि नाथ यांच्या वाटा वेगळ्या होत्या, त्यांच्यात वाद झाले आणि राज्यकर्त्यांनी धर्माचा हत्यारासारखा वापरही केला. तरीही एकाच कड्यात बौद्ध लेण्यांना लागून हिंदू लेणी कोरली गेली आणि पुढं जैन लेणी. दोन्ही गोष्टी सांगा. जे माहीत नाही ते पुजाऱ्यांना, मुजावरांना, भिक्खूंना विचारा. त्यांच्याएवढं जाणणारं तिथं दुसरं कुणी नसतं.

एकच दिवस असेल तर

पहाटेच्या बसनं घृष्णेश्वर, मग दहावं, सोळावं आणि बत्तिसावं लेणं, दुपारी काळी-पिवळीनं खुलदाबाद, तिथले दोन्ही दर्गे आणि भद्रा मारुती, संध्याकाळी परत. मकबरा आणि खरेदी सोडून द्या. पाच ठिकाणांना धावती भेट देण्यापेक्षा तीन ठिकाणी बसणं चांगलं. मंगळवार निघाला तर वेरूळचा हट्ट धरू नका, बुद्ध लेणी आणि पैठण करा. वेळ कितीही असो, प्रत्येक ठिकाणी पहिली पाच मिनिटं भक्तांची आहेत, ती पाहुण्याला भक्तांसोबत काढू द्या. तेवढं सांभाळलं तर बाकीचं वेळापत्रक कोलमडलं तरी यात्रा झाली असं समजा.